विलायतेतला तान्हा पोळा

"आज दुपारपर्यंत त्या मॅडमनं 'हव' म्हणलं, तं तुमची विलायत राहते," मनकर्णाआजीनं स्वयंपाकघराच्या दारातून निकाल वाचल्यासारखं सांगितलं. "अन् 'नाई' म्हणलं, तं उद्या सकाळी सात वाजता ट्रॅक्टर. संत्र्याच्या सव्वाशे कलमा आणून ठेवल्या मी. पिशवीत कोंडून पडल्या बिचाऱ्या."

"हवच म्हणणार, आजी. लिहून घे माह्याकडून," हिमानी म्हणाली. ती दहावीत होती आणि गेल्या सहा महिन्यांपासून तिला कुठल्याही गोष्टीची खात्री अर्ध्या सेकंदात पटायला लागली होती.

"छिंदवाड्याची हाय ते मॅडम. छिंदवाड्याच्या मानसाले आपल्या इकडचं काई पटत नसते."

हिमानीचे आबाजी, केशवराव, खाटेवर बसून बशीत चहा ओतत होते. खटला चालला होता तो त्यांच्याच विलायतेवर. पण आजीचा आवाज चढला की आबाजींचं सगळं लक्ष बशीतल्या चहाकडे लागायचं.

विलायत म्हणजे घरामागचा एक एकर. पांढुर्ण्याहून सौसरकडे निघालं की सात-आठ किलोमीटरवर डाव्या हाताला केशवरावांची संत्र्याची बाग लागते. त्यातला हा तुकडा आजीच्या माहेरचा, तिच्या बापानं तिच्या नावानं दिलेला. तीन वर्षांपूर्वी त्यातली झाडं रोगानं वाळली आणि त्याच साली आबाजी धाकट्या मुलाकडे, म्हणजे हिमानीच्या रोशनकाकाकडे, इंग्लंडला दोन महिने राहून आले. रोशनकाकानं त्यांना राजवाडा दाखवला, मोठं घड्याळ दाखवलं, समुद्र दाखवला. आबाजींना काही म्हणता काही भावलं नाही. भावलं ते एकच. एका बागेत कुणीतरी गुडघ्याएवढ्या घरांचं अख्खं जुनं इंग्रजी खेडं बांधून ठेवलं होतं. चर्च, गिरणी, पूल, तळं, तळ्यात बोटाएवढी बदकं. आबाजी भर पावसात छत्री धरून तिथं तीन तास उभे राहिले. "पूर्ण गाव एका नजरेत मावते," परत आल्यावर ते भेटेल त्याला सांगत सुटले, "अन् पूर्ण गावात बांधावरून एक भांडन नाई!"

मग त्यांनी वाळलेली झाडं उपटली आणि सावरगावच्या प्रकाश मिस्त्रीला हाताशी धरून तसंच खेडं उभं केलं. मिस्त्रीनं इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं, पण घर कसं असतं ते त्याला पाठ होतं. त्यानं बत्तीसच्या बत्तीस घरांची दारं पूर्वेला काढली. "आबाजी, दक्षिणेले दार ठेवलं तं त्या घरात बरकत राहीन काय?" असं त्यानं विचारलं आणि आबाजींनी चहाची बशी पुढे ओढली. त्यामुळे ते इंग्रजी खेडं प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळेसारखं एकाच दिशेला तोंड करून होतं. छपरं गवताची, भिंती पांढऱ्या, चर्चचं टोक हिमानीच्या खांद्याला लागेल एवढं. चौकात लाल टपालपेटी आणि तिच्या शेजारी दारूचा गुत्ता. हा गुत्ता म्हणजे शरबताचं दुकान आहे, असं आबाजींनी घरात सांगून ठेवलं होतं.

ह्या गावानं हिमानीचं मात्र भलतंच भलं केलं होतं. नववीपर्यंत वर्गात ती उभी राहिली की तिचा आवाज बसायचा. मग एकदा जामसांवलीच्या हनुमानाला निघालेले दोन म्हातारे नळ शोधत विलायतेत शिरले. आबाजी घरी नव्हते, म्हणून हिमानीनंच त्यांना गाव फिरवून दाखवलं. म्हाताऱ्यांना फक्त पाणी पाहिजे होतं. तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून हिमानी विलायतेची गाइड झाली. आधी मराठीतून, मग हिंदीतून, आणि आता तर चौदा मिनिटांचं सलग इंग्रजी भाषण. हाच आवाज पुढे तिच्या मागोमाग शाळेतही यायला लागला. विलायतच गेली तर तो येईल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

जयश्री मॅडम छिंदवाड्याच्या एका मोठ्या खाजगी शाळेच्या. सहली ठरवायचं काम त्यांच्याकडे. त्यांची सहल आली तर विलायत चार पैसे कमावते, असं आजी मानणार होती. "मुलांना इंग्रजी वातावरण मिळणार असेल, तरच सहाशे मुलांची सहल आणू," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "मी आधी स्वतः बघते. परवा येते, परवा सुट्टी आहे." हिमानीनं "येस मॅम, मोस्ट वेलकम मॅम" म्हणून फोन ठेवला. परवा सुट्टी कशाची, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

सुट्टी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. म्हणजे तिकडे पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, दोन काठांवरच्या गावांची एकमेकांवर दगडफेक, आणि इकडे घरोघरी पोरांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा.

साडेदहा वाजता हिमानी शाळेच्या ड्रेसमध्ये, केसांना दोन क्लिपा लावून, फाटकाशी भाषण घोकत उभी होती. "वेलकम टू अवर ओल्ड इंग्लिश व्हिलेज, व्हेअर टाइम इटसेल्फ..." एवढ्यात रस्त्यावरून लाकडी चाकांचा खडखडाट ऐकू आला. सत्तावीस पोरं येत होती. प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीला चाकांवरचा लाकडी बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. पोरं नटलेली. दोन कृष्ण, एक पोलीस, आणि मुंडासं बांधलेला एक शेतकरी, ज्याची काजळाची मिशी घामानं हनुवटीवर उतरली होती. सगळ्यात पुढे बारा वर्षांचा अमोल. सगळ्यात मागे पाच वर्षांची प्राजक्ता, जिचा बैल तिच्यापेक्षा थोराड होता.

"कुठं चालले रे?"

"आत," अमोल म्हणाला.

"आत कुठं?"

"विलायतेत. तुह्या आजीनं बोलावलं न. तान्हा पोळा इथंच हाय आमचा."

हिमानी घराकडे पळाली. "आजी! ह्या पोट्ट्याहिले काहून बोलावलं वं?"

"मंग कुठं जाईन ते? देवळापुढं घोट्याएवढा चिखल हाय. अन् त्याहिच्या माया हात जोडून गेल्या माह्यापुढं. पोट्टे मोकळे सोडले की गोटमार पाहाले पळतेत सावरगावले. मागच्या साली हा अमोल ट्रकवर बसून गेला होता. मी म्हणलं, आणून सोडा माह्या वावरात, फाटक लावून घेतो."

"पन आज मॅडम येऊन राहिली नं!"

"येऊ दे. फाटक काई लहान नाई आपलं."

हिमानी परत फाटकाशी आली आणि तिनं अमोलला बाजूला घेतलं. "हे पाह्य, बारा वाजेपर्यंत बाहेर थांबा. मंग पूर्ण विलायत तुमची."

"जमते न, ताई." अमोलनं समजूतदारपणे मान हलवली. "आम्ही तंवरक सावरगावले चक्कर मारून येतो."

"नोको!"

"आत येऊ मंग?"

हिमानीच्या डोळ्यांपुढे सत्तावीस आया एका रांगेत उभ्या राहिल्या. "या. पन चर्चच्या मांगं बसायचं. एक शब्द काढायचा नाई. अन् काढलाच तं इंग्रजीत काढायचा."

"ताई, बैलाले इंग्रजीत कसं हाकलतेत?" प्राजक्तानं विचारलं.

चौदा मिनिटांच्या भाषणात ह्याचं उत्तर नव्हतं.

पोरं चर्चच्या मागे जायला निघाली खरी, पण वाटेत विलायतेचे रस्ते लागले. आबाजींनी ते सिमेंटचे, गुळगुळीत आणि बरोबर दीड फूट रुंद केले होते. गावातल्या गिट्टीवर आजवर चाकं मोडून घेतलेले ते बैल ह्या रस्त्याला लागले आणि लोण्यावरून निघाल्यासारखे सुटले. पुलावरून चढले, गिरणीला वळसा घालून उतरले. घरांची दारं बैलांच्या उंचीची, खिडक्या बैलांच्या डोळ्यांच्या रांगेत.

"हे तं बैलांसाठीच गाव बनवलं आबाजीनं!" मिशीवाला शेतकरी ओरडला.

कुंपणाशी उभ्या आबाजींचा चेहरा असा खुलला, जणू इंग्लंडहून परत आल्यापासून आपलं म्हणणं पहिल्यांदाच कुणाला तरी समजलं असावं.

तेवढ्यात आजी आंब्याच्या पानांचं तोरण घेऊन आली. "बिना तोरनाचा पोळा अस्ते काय?" म्हणत तिनं एक टोक चर्चच्या कळसाला आणि दुसरं गिरणीच्या पंख्याला बांधलं. सत्तावीस बैलांना कुंकू लावलं. हिमानी दर अर्ध्या मिनिटाला रस्त्याकडे बघत होती. तिचा हिशेब सोपा होता. तोरण सुटलं की तान्ह्या पोळ्याची पोरं बैल घेऊन घरोघर जातात, ज्या दारी बैल जाईल त्या घरानं पोराच्या हातावर काहीतरी खाऊ ठेवायचा, त्याला म्हणायचं बोजारा. म्हणजे तोरण सुटलं की पोरं विलायत सोडून गावात घरोघर जाणार.

आजीनं तोरण सोडलं. पोरं घरोघर निघाली. विलायतेच्या पहिल्या घरापुढे सत्तावीस बैल ओळीनं उभे राहिले.

"बोजाराऽऽ!"

"अरे, त्या घरात कोनी राहत नाई!" हिमानी धावली.

"घर हाय," अमोल म्हणाला. "दार हाय. दारावर नंबर बी लिहेल हाय. एक."

"ते शोभेचं हाय!"

"मंग दार कायले काढलं?"

हिमानीनं आजीकडे पाहिलं. आजी म्हणजे घरातलं सगळ्यात वरचं कोर्ट. तिनं पदर खोचला आणि बैलांच्या रांगेवरून नजर फिरवली.

"बैल दारी आला, अन् दारानं त्याले खाली हातानं परत पाठवलं, असं माह्या माहेरच्या वावरात होनार नाई. दे काईतरी."

"आजी, बत्तीस घरं हायेत!"

"मी बांधले काय?"

सत्तावीस गुणिले बत्तीस. हिमानीचं गणित तसं कच्चं, पण भीतीपोटी उत्तर एका क्षणात आलं. आठशे चौसष्ट बोजारे.

सुरुवात श्रीमंतीत झाली. घरातला डबा आणून हिमानी प्रत्येक घरामागे उकिडवी बसायची आणि मागच्या खिडकीतून हात घालून पुढच्या खिडकीतून बाहेर काढायची. पहिल्या चार घरांनी संत्र्याच्या गोळ्या दिल्या. पाचव्यापासून बिस्किटं लागली आणि नवव्या घरी ती अर्धी झाली. मग फुटाणे आले, आधी मूठभर, मग पाच, मग तीन. पंधराव्या घरातून आबाजींच्या पोट साफ होण्याच्या जिऱ्याच्या गोळ्या निघाल्या.

"ह्या घरचे लोकं बिमार हायेत काय?" प्राजक्तानं काळजीनं विचारलं.

हिमानीनं अठराव्या घराचा बोजारा वाटला आणि फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

जयश्री मॅडम उतरल्या. इस्त्रीची साडी, काळा चष्मा, खांद्याला मोठी पर्स. त्यांना एका गवती छपरामागून एक मुलगी उगवताना दिसली. तिच्या गुडघ्यांना चिखल होता आणि मुठीत जिऱ्याच्या गोळ्या.

"वेलकम टू अवर ओल्ड इंग्लिश व्हिलेज," हिमानी ताठ उभी राहून म्हणाली, "व्हेअर टाइम इटसेल्फ हॅज स्टॉप्ड!"

"बोजाराऽऽ!"

"व्हॉट आर दे सेइंग?" मॅडमनी विचारलं.

"दे आर द व्हिलेजर्स, मॅम. व्हेरी हॅपी व्हिलेजर्स."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून गावकऱ्यांकडे पाहिलं. एका कृष्णानं त्यांना पोलिसाच्या मागून जीभ दाखवली. हिमानी थांबली नाही. आवाज खणखणीत होता, शब्द पाठ होते, आणि गिरणी, पूल, तळं अशी ती मॅडमना पुढे पुढे नेत राहिली. मॅडम खरंच ऐकायला लागल्या होत्या. दोनदा तर त्यांनी मान डोलावली.

"अँड दिस इज अवर चर्च. इट इज व्हेरी स्ट्राँग अँड..."

"माहा सोन्या अटकला वं, ताईऽऽ!" चर्चमधून भोकाड ऐकू आलं.

सगळ्या गावात चर्चचं दार तेवढं खरोखर उघडं होतं, आणि प्राजक्ताचा थोराड बैल त्यात शिंगांपर्यंत शिरून बसला होता. अमोलनं शेपूट धरून ओढलं. शेपूट हातात आलं. मग दोन कृष्ण, पोलीस आणि शेतकरी दोरीला लागले. "हईऽऽसा!" बैल हलला नाही. चर्च हललं. कळस हळूच एका बाजूला कलला आणि हिमानीचं बोलणं कान देऊन ऐकत असल्यासारखा तिरपा राहिला.

"...अँड व्हेरी ओल्ड," हिमानीनं वाक्य कसंबसं पुरं केलं.

सोन्या सुटला. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या आणि चिखल चुकवत एकोणीस नंबरच्या घराजवळ गेल्या. घर सुंदर होतं, खिडकीत लाल फुलं रंगवलेली. त्यांनी मोबाइल काढला, फोटो नीट यावा म्हणून साडी सावरून दाराशी उकिडव्या बसल्या, आणि तिथंच सगळं बिनसलं.

कारण आतापर्यंत अठरा घरांत कुणी घरवालं दिसलं नव्हतं. खिडकीतून नुसता हात यायचा. एकोणिसाव्या दाराशी मात्र एक बाई पर्स घेऊन बसली होती.

"घरवाली भेटली रे!" अमोल ओरडला.

मॅडमनी मान वर केली तेव्हा त्यांच्याभोवती शिंगंच शिंगं होती.

"बोजाराऽऽ!"

"नो, नो. चिल्ड्रन, गो बॅक. हे बघा..." मॅडमचं इंग्रजी पहिल्या पाच बैलांतच संपलं. "अहो, पण हे माझं घर नाही!"

"बाई, द्या न काईतरी," आजी मागून अगदी अदबीनं म्हणाली. "दारचा बैल खाली हातानं जात नसते. घराले चांगलं नसते ते."

"माझ्या घराला?"

"आता तुमी बसल्या तं तुमच्याच म्हणा न."

मॅडमनी पर्स उघडली. खोकल्याच्या गोळ्या निघाल्या, त्या सात बैलांना पुरल्या. दोन पेन गेले. सेफ्टी पिनांचा झुबका गेला, मग वेलदोड्याची पुडी, मग एक छोटा आरसा. शेवटी व्हिजिटिंग कार्डं निघाली. उरलेल्या पोरांनी ती मोठ्या मानानं घेऊन बैलांच्या शिंगांत खोचली, आणि जयश्री मॅडमचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर घेऊन अर्धा कळप विसाव्या घराकडे वळला.

"पुढचं घर बी तुमचंच हाय काय, मॅडम?" शेतकऱ्यानं जाता जाता विचारलं.

मॅडम उठल्या. साडी झटकत गाडीपर्यंत गेल्या. दार उघडून मग हिमानीकडे वळल्या आणि चक्क मराठीत बोलल्या. "तुझं इंग्रजी चांगलं आहे. आवाज तर फारच छान. पण हे इंग्लंड नाही गं. सत्तावीस मुलांनी माझी पर्स रिकामी केली. सहाशे आली तर गाडी सोडतील का माझी?"

गाडी गेली. धूळ खाली बसायच्या आत आजीनं फोन लावला. "हलो? हव, मनकर्णाबाई बोलून राहिली. उद्या सात वाजता ये. नक्की ये. डिझेल भरून ये."

हिमानी तळ्याच्या काठावर बसली. समोर बोटाएवढी बदकं तरंगत होती. भाषणातली नऊ मिनिटं बोलून झाली होती आणि पाच तशीच राहिली होती. ती आता कुणाला ऐकवायची? आबाजी तिच्या शेजारी येऊन बसले, पण त्यांच्या हातात आज बशी नव्हती, त्यामुळे कुठं पाहावं हे त्यांनाही कळेना.

"ताई," अमोल समोर येऊन उभा राहिला. "तेरा घरं बाकी हायेत."

"माह्यापाशी काई नाई राहिलं रे आता."

"मंग बैल परत जाईन काय?"

प्राजक्ताचा खालचा ओठ थरथरायला लागला. आधीच तिच्या बैलाला शेपूट नव्हतं.

"कोन म्हणते परत जाईन?" आजी कडाडली. ती घरात गेली आणि आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्यांचा मोठा डबा घेऊन आली. गुडघे कडकड वाजवत ती विसाव्या घरामागे बसली. तिचं डोकं छपराच्या वर सूर्यासारखं दिसत होतं.

"कोन आलं वं दारी?" तिनं आतून विचारलं.

"मी प्राजक्ता!"

"अन् बैल कोनाचा?"

"माहा. सोन्या."

"अवं माय, शेपूट कुठं गेलं ह्याचं?"

"अमोलदादाच्या खिशात हाय."

पोरं खिदळली. खिडकीतून पुरणपोळीचा तुकडा बाहेर आला. एकविसाव्या घरात आजी एकदम खेकसली, "सकाळपासून तिसऱ्यांदा येऊन राहिले रे तुमी!" तेविसाव्या घरात ती बहिरी झाली. "बोजारा" म्हटलं की "बाजारात गेले हो ते" म्हणायची. सव्विसाव्या घरात एक कंजूष सासू राहत होती. "सूनबाई, लहान तुकडा दे! लहान! हे पोट्टे मांगच्या घरी खाऊन आलेत, मी खिडकीतून पाह्यलं न!" पोरं हसून हसून रस्त्यावर लोळत होती आणि पुढच्या घरात कोण निघेल म्हणून आधीच रांग लावत होती. एकदा आबाजीही हळूच रांगेत येऊन उभे राहिले.

"तुमचा बैल कुठं हाय?" आजीनं छपरावरून विचारलं.

"मीच हाय न बैल," आबाजी म्हणाले. "चाळीस वर्सापासून."

त्यांना तुकडा मोठा मिळाला.

बत्तिसावं घर संपलं तेव्हा डबा रिकामा होता. आजी कमरेवर हात ठेवून उठली. तिचं तोंड उन्हानं आणि बोलण्यानं लाल झालं होतं. "झालं बाप्पा. एक बी दार चुकलं नाई."

हिमानी तळ्याच्या काठावरून उठली. आजीचं ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात कुठंतरी खट्टकन बसलं आणि अर्ध्या सेकंदात तिला खात्री पटली.

"आजी, एक विचारू? रिकाम्या घरातून बोजारा निंघते काय?"

"रिकाम्या घरातून कसा निंघन? राहत्या घरातून निंघते."

"अन् आज किती घरातून निंघाला?"

"बत्तीस," पदराला हात पुसत आजी अभिमानानं म्हणाली. मग तिचा हात पदरातच थांबला.

"मंग उद्या ट्रॅक्टर कोनाच्या घरावर चालनार हाय?"

सत्तावीस पोरं आणि सत्तावीस बैल आजीकडे पाहत राहिले.

"राहत्या घरावर ट्रॅक्टर चालवतेत काय, आजी?" अमोलनं विचारलं.

"सव्विसाव्या घरची बुढी कुठं जाईन मंग?" प्राजक्ताचा ओठ पुन्हा थरथरायला लागला.

आजीनं आधी पोरांकडे पाहिलं, मग तिरप्या चर्चकडे, मग नातीकडे. "लय बोलाले लागली तू," ती म्हणाली. "नववीत किती गुनाची होतीस." आणि तिनं फोन काढला. "हलो? उद्या येऊ नोको. ...काहून म्हंजे? घरं लागले मधात. ...माह्याच वावरात! बत्तीस! ...आता मले काय मालूम कवा झाले, झाले! कलमा मी भोवताल लावून घेतो." आणि तिनं समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडून फोन कमरेला खोचला.

हिमानी एवढ्या जोरात ओरडली, की रस्त्यानं जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून पाहायला लागला. ती लगेच फाटकाकडे धावली आणि उरलेली पाच मिनिटं तिनं त्याला ऐकवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिच्या अंगावरचं पांघरूण ओढलं गेलं.

"उठ."

"काय झालं? ट्रॅक्टर आला?" हिमानी धडपडून बसली.

"ट्रॅक्टर कायचा? बादली घे." आजी शेणाच्या पाण्याची बादली आणि रांगोळीचा डबा घेऊन उभी होती. "राहते घरं हायेत म्हणलीस न काल? सत्तावीस पोट्ट्याहिसमोर म्हणलीस. मंग राहत्या घरापुढं सकाळी सडा नाई, रांगोळी नाई, हे कसं दिसते? बत्तीस दारं हायेत. साडेसातले बस येते तुह्या शाळेची."

"आजच्या दिवस नं?"

"घर काय आजच्या दिवस असते?"

"आजी, अवं, इंग्लंडमध्ये कोनी सडा टाकत नाई!"

"मॅडमनं काय सांगतलं काल? हे इंग्लंड नोय म्हणून. शिकेल-सवरेल बाई होती. खोटं कायले सांगन?"

हिमानी निघाली. गुडघ्याएवढ्या घराच्या दारात सडा टाकायचा तर पार दुमडून वाकावं लागतं, आणि रांगोळी तळहातापेक्षा मोठी काढता येत नाही, त्यामुळे ठिपका ठिपक्यात जातो. मागून आजी प्रत्येक दार तपासत येत होती. "पाच नंबरची तिरपी आली. पुसून काढ." दहाव्या दारी हिमानीच्या मांड्या भरून आल्या. चौदाव्या दारी हिमानीनं आजीला इंग्रजीत काहीतरी म्हटलं, ते आजीला समजलं नाही हे बरं झालं.

सतराव्या दाराशी ती कंबर धरून सरळ झाली. अजून पंधरा बाकी होती. तेवढ्यात रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर धडधडत सौसरकडे गेला, आणि हिमानी तो वळणाआड जाईपर्यंत त्याच्याकडे फार मायेनं पाहत राहिली.